भाताची उंची कोण ठरवतं?



परतीचा पाऊस आणि वारा एकाच रात्री आले की मावळातलं तयार भात आडवं होतं. सकाळी बांधावर जावं तर अख्खं खाचर लोळलेलं असतं. लोंबी पाण्यात, काडी मोडलेली. दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर लोंबीतच दाण्याला मोड फुटतात, पेंढा काळा पडतो आणि कापणीला मजूर मिळाले तरी ते दुप्पट दिवस मागतात. वर्तमानपत्रात याची बातमी 'पावसाने नुकसान' अशी येते. ती खोटी नाही, पण अर्धीच. कारण त्याच पावसात, त्याच वाऱ्यात, एका बांधापलीकडचं दुसऱ्या जातीचं भात उभं राहिलेलं दिसतं.

उंच भात लोळतं, बुटकं उभं राहतं, हे आपल्या पणज्यालाही ठाऊक होतं. मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या प्रश्नावर. किती वाढायचं हे भाताला सांगतं कोण? ते सांगणं आणि ऐकणं पेशीच्या आत कुठे मोडलं म्हणजे भात बुटकं होतं? गेल्या साठ वर्षांत आपण जो भात आणि जी पोळी खाल्ली, त्यामागे या मोडतोडीचाच हात आहे. तिचं श्रेय सरसकट 'बुटक्या जातीं'ना दिलं जातं, ते मला मान्य नाही. बुटकेपणा डोळ्याला एकसारखा दिसतो, पण तो निरनिराळ्या ठिकाणी काहीतरी मोडल्याने येतो. कुठे मोडलं, यावर शेतकऱ्याला त्याची किंमत खतात, पेरणीत किंवा पेंढ्यात मोजावी लागते.

सुरुवात संप्रेरकापासून करू. जुन्नर-नारायणगावकडचे द्राक्षबागायतदार इथे कुणी असतील तर त्यांना 'जीए' सांगायला नको. थॉमसन सीडलेसचे घड जीएच्या पाण्यात बुडवल्याशिवाय मणी लांब होत नाही, कारण बी नसलेल्या मण्यात हे संप्रेरक पुरेसं तयार होत नाही. आपल्या घाटाखाली कर्जतला संकरित भाताचं काम झालं, त्यातही बीजोत्पादनात हेच जीए फवारतात. मादी ओळीची लोंबी पोटरीत अडकून राहते, ती बाहेर यावी म्हणून. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. द्राक्षवाल्यांकडे ते पुडीत येत असलं तरी त्याचा शोध भातातच लागला. जपानी शेतकऱ्यांना रोपांचा एक बुरशीजन्य रोग माहीत होता. लागण झालेलं रोप आजूबाजूच्या रोपांपेक्षा भराभर उंच, फिकट आणि किरकोळ होई आणि दाणा न धरताच मरे. १९२६ साली तैवानात काम करणाऱ्या कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवलं की बुरशी काढून टाकली तरी ती ज्या द्रवात वाढली त्या द्रवानेही रोपं तशीच वेडीवाकडी उंच होतात. म्हणजे बुरशी काहीतरी स्रवते. १९३५मध्ये याबुता यांनी त्या पदार्थाला जिबरेलिन हे नाव दिलं. पुढे कळलं की निरोगी झाडंही हाच पदार्थ स्वतः तयार करतात, पण हात राखून.

आता संप्रेरक म्हणजे नुसता निरोप. निरोप आला तरी ऐकणारा लागतो. इथे आपल्या आजच्या नायकाची गाठ पडते. भातात त्याचं नाव एसएलआर-१, गव्हात आरएचटी-१. हे सगळे एकाच घराण्यातले, आणि घराण्याचं नाव डेला. त्यांच्या सुरुवातीच्या भागात अॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ल्युसीन, ल्युसीन, अॅलनीन अशी पाच अमिनो आम्लं ओळीने येतात. त्यांची एकाक्षरी चिन्हं (डी, ई, एल, एल, ए) मिळून ते नाव पडलं. भातातलं प्रथिन ६२५ अमिनो आम्लांचं आहे आणि भाताकडे या घराण्याचं हे एवढंच एक प्रथिन आहे. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या मोहरीवर्गीय झाडाकडे पाच आहेत. भातात एकच असल्याने अभ्यासकांचं फावलं, कारण बिघाड झाला की तो लपत नाही.

डेला प्रथिन वाढ करत नाही, वाढ अडवून धरतं. पेशीच्या केंद्रकात बसून ते वाढीची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतं. जिबरेलिन आलं की या रखवालदाराची उचलबांगडी होते. कशी, ते जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या मात्सुओका यांच्या गटाने भातावरच उलगडलं. २००५ साली त्यांनी जीआयडी-१ हे ग्राहक प्रथिन शोधलं. त्याला एक खोबण असते. जिबरेलिन तिच्यात बसलं की वरचं झाकण मिटतं, आणि मिटलेल्या झाकणाच्या बाहेरच्या अंगाला डेला प्रथिनाचा सुरुवातीचा भाग येऊन चिकटतो. तो चिकटला की जीआयडी-२ नावाचं तिसरं प्रथिन डेलावर युबिक्विटिनची खूण लावायला मदत करतं. खूण लागलेलं प्रथिन पेशीतल्या प्रोटिएझोममध्ये जाऊन तुकडे-तुकडे होतं. रखवालदार गेला, वाढ सुरू.

लोणावळ्याच्या माणसाला हे रेल्वेच्या ब्रेकवरून लगेच उमजेल. गाडीच्या पाइपात हवेचा दाब असतो तोवर ब्रेक सुटलेले असतात. दाब गेला की ब्रेक लागतात. म्हणजे ब्रेक लागलेला असणं हीच मूळची स्थिती, आणि निरोप येतो तो ब्रेक सोडण्यासाठी. डेलाचं अगदी तसंच आहे. म्हणून त्यात बिघाडही दोन जातींचे होतात. पाइप तुटला तर ब्रेक घट्ट लागून राहतो, गाडी जागची हलत नाही. चाकाला धरणारी ब्रेकची ठोकळीच निखळली तर पाइपात दाब असो-नसो, गाडी घाटातून सुसाट सुटते. एकाच यंत्रणेतले दोन बिघाड, आणि परिणाम अगदी उलटे.

डेला प्रथिनात पाइपाचं काम सुरुवातीचा भाग करतो. ग्राहकाला चिकटायचं ते त्यानेच. धरून ठेवण्याचं काम शेवटाकडचा मोठा भाग करतो, त्याला ग्रास भाग म्हणतात.

भातात हे दोन्ही बिघाड पाहायला मिळाले. जपानी अभ्यासकांनी २००१ साली एका उत्परिवर्तित भाताचं वर्णन केलं. ते भात पाहिलं तर वाटावं कुणी रोज जीए फवारतंय: रोप लांबडं, काडी बारीक, पानं फिकट, आणि दाणा नाहीच. त्याच्या एसएलआर-१ जनुकात एकच अक्षर गळलं होतं. गळलेल्या जागेपासून पुढचं सगळं वाचन बिघडलं आणि धरून ठेवणारा शेवटचा भाग तयारच झाला नाही. हे भात वांझ असल्याने त्याचं बीही धरता येत नाही. ते टिकवायचं तर एक चांगली आणि एक बिघडलेली अशा दोन प्रती असलेल्या रोपांच्या वंशातून टिकवावं लागतं. मग त्याच गटाने उलट प्रयोग केला. प्रथिनाचा सुरुवातीचा भाग मुद्दाम कापून उरलेलं प्रथिन भातात घातलं. भात बुटकं झालं आणि जीए कितीही फवारलं तरी बुटकंच राहिलं. ब्रेक शाबूत होता, पण सोडण्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

म्हणून कुणी नुसतं सांगितलं की 'या जातीत वाढीच्या जनुकात उत्परिवर्तन आहे', तर त्यातून काहीच कळत नाही. प्रथिनाच्या कोणत्या भागात, हे विचारल्याशिवाय झाड गुडघ्याएवढं होणार की डोक्याच्या वर जाणार, हेसुद्धा सांगता येत नाही. हाच नियम माणसाच्या पेशींतल्या संदेशवाहक प्रथिनांनाही लागू आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या प्रथिनाच्या एका भागातला बदल गोळीला उत्तम दाद देतो आणि त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागातला बदल त्या गोळीला जुमानत नाही. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. आपण खाचरातच राहू.

पाइप तुटलेला बिघाड शेतकऱ्याच्या पदरात पडला तो गव्हात, आणि तो कुणी घडवून आणलेला नव्हता. जपानमध्ये १९३५ साली नोरिन-१० नावाची बुटकी गव्हाची जात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचं बी अमेरिकेत गेलं, तिथून ऑर्व्हिल व्होगेल यांच्याकडून मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती पडलं, आणि १९६०च्या दशकात तिच्या वंशातले गहू भारतात आले. हरितक्रांती म्हणतात ती हीच. आपण गव्हाला युरिया देऊ लागलो आणि गहू उभा राहिला, लोळला नाही. पण तो का उभा राहिला हे कळायला १९९९ साल उजाडलं. इंग्लंडमधल्या जॉन इनेस केंद्रात निक हार्बर्ड यांच्या गटाने दाखवलं की नोरिन-१०कडून आलेली बुटकेपणाची दोन्ही जनुकं डेला प्रथिनाचीच आहेत आणि दोन्हींत बिघाड सुरुवातीच्या भागात आहे. एकात ६४व्या अमिनो आम्लाच्या जागी आणि दुसऱ्यात ६१व्या जागी 'थांबा' अशी खूण आली. खरं तर तिथे प्रथिन संपायला हवं होतं. पण पेशीने पुढच्या एका जागेवरून वाचन पुन्हा सुरू केलं. परिणामी सुरुवातीचा तुकडा नसलेलं, पण धरून ठेवणारा भाग शाबूत असलेलं प्रथिन तयार झालं. एका अक्षराचा फरक, आणि जगातल्या बहुतेक गव्हाची उंची त्याने ठरवली.

आता भाताकडे येऊ, कारण इथे मावळाचं नाव येतं.

१९६६ साली फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ ही जात प्रसारित केली. तिच्या आईबापांपैकी एक इंडोनेशियातला उंच पेटा, आणि बुटकेपणा आला तो तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या जातीकडून. आयआर-८ने उत्पादनाचे आकडे पार बदलून टाकले. पण भात शिजवून ताटात वाढलं की लोक तोंड वाकडं करत. दाणा जाड आणि खडूसारखा, थंड झाला की कडक. ज्यांच्या घरी आंबेमोहर शिजत होतं त्यांना ते उतरणं कठीणच. आंबेमोहराला घरभर वास आणि मऊ भात, पण काडी उंच, उत्पन्न कमी, आणि ऑक्टोबरच्या वाऱ्यात तेच आधी लोळायचं. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर केला आणि १९८७ साली त्यातून इंद्रायणी आली. आज पुण्यातल्या दुकानात पोत्यावर 'मावळ इंद्रायणी' लिहिलं की भाव चढतो. तो वास आंबेमोहराच्या घरचा आहे, आणि आयआर-८कडून आलेल्या शिदोरीत तैवानचं बुटकेपण होतं.

हे तैवानी बुटकेपण गव्हातल्यासारखं नाही, हे मला आज ठासून सांगायचं आहे. २००२ साली जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी त्याचं जनुक शोधलं. ते डेलाचं नाही, तर जिबरेलिन तयार करणाऱ्या एका विकराचं निघालं, त्याचं नाव जीए-२० ऑक्सिडेझ. डी-जिओ-वू-जेनमध्ये त्या जनुकातली ३८३ अक्षरं सलग गायब आहेत. म्हणजे इथे ऐकण्यात दोष नाही, बोलणाऱ्याचाच आवाज बसलेला आहे.

फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल तर प्रयोग सोपा आहे. दोन ट्रे घ्या. एकात आयआर-८ची रोपं, दुसऱ्यात नोरिन-१०च्या वंशातल्या बुटक्या गव्हाची. दोन्ही बुटकी, दोन्हींची पानं तजेलदार. आता दोघांवर द्राक्षवाल्याच्या पुडीतलं जीए पाण्यात कालवून फवारा. काही दिवसांत भाताचं पेर ताणलं जातं, पानांचे कोष लांबतात, रोप जवळजवळ आंबेमोहराच्या तोऱ्यात उभं राहतं, कारण निरोप बाहेरून मिळाला आणि ऐकणारा शाबूत होता. गव्हाचा ट्रे जिथे होता तिथेच. त्याच्या कानावर काही गेलंच नाही. वरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन बुटक्या झाडांमधला फरक इतका उघड करणारी परीक्षा मला तरी दुसरी माहीत नाही, आणि ती शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते.

यात भाताचं नशीब जोरावर होतं, असं मी मानतो. भाताकडे याच विकराची दुसरी प्रत आहे, जी फुलोऱ्यात काम करते. म्हणून काडीत जिबरेलिन कमी पडलं तरी लोंबीत पडलं नाही. दाणा भरत राहिला आणि काडी आखडली. हा योग कुणी जुळवून आणला नव्हता. तैवानच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे बुटकं भात राखलं, त्यातली मोडतोड नेमकी योग्य जागी झालेली होती.

गव्हाच्या नशिबात असं नव्हतं, आणि इथेच पहिली किंमत येते, पेरणीची. ऐकणं बंद झालं ते सगळीकडेच, काडीत आणि कोंबातही. गव्हाचा कोंब जमिनीतून वर येताना एका आवरणात असतो. बुटक्या गव्हात हे आवरणही आखूड राहतं. सोलापूर-नगरकडे कोरडवाहू रब्बीत शेतकरी पाभर खोल चालवतो, ओलीपर्यंत बी जावं म्हणून. आखूड आवरणाचा कोंब तेवढ्या खोलीवरून वर पोचतच नाही. बागायतात हे कुणाच्या लक्षात येत नाही. जिरायतात उगवण विरळ झाली की बी खोटं निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण होतं.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर काम केलं आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली उभी केलेली ही संस्था. या शास्त्रज्ञांनी बन्सी गव्हात आरएचटी-१४ आणि आरएचटी-१८ या बुटकेपणाच्या वेगळ्या जनुकांचे गुणसूत्रावरचे पत्ते नक्की केले आणि ती जनुकं पैदाशीत वापरण्यासाठी खुणा तयार केल्या. ही जनुकं डेलाला हात लावत नाहीत. आरएचटी-१८मध्ये जिबरेलिन मोडून टाकणारं विकर जास्त चालतं, एवढंच. निरोप कमी होतो, ऐकणं शाबूत राहतं. म्हणून काडी आखडते पण कोंबाचं आवरण आखडत नाही, आणि बी खोल पेरता येतं. कोरडवाहू महाराष्ट्राला याचं मोल मोठं आहे, आणि हे काम आपल्याकडे जितकं ऐकू यायला हवं तितकं येत नाही.

दुसरी किंमत खताची. डेला प्रथिन साचून राहिलं की ते जीआरएफ-४ नावाच्या प्रथिनाचंही काम दाबतं, आणि नत्र शोषून घ्यायची जनुकं जीआरएफ-४ चालवतं. हे २०१८ साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे बुटक्या जाती युरिया मागतात हे आपण हौसेने लावलेलं व्यसन नाही, ते त्यांच्या पेशीतच आहे. ब्रेक लागलेला असल्याने नत्र ओढण्याची ताकद कमी, म्हणून बाहेरून जास्त द्यावं लागतं. यात भातही सुटत नाही. जिबरेलिन कमी म्हणजे डेलाची विल्हेवाट कमी, म्हणजे ते भातातही साचतं. आपल्याकडच्या चारसूत्री लागवडीत चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची गोळी चिखलात खोल दाबतात, ती नत्र वाहून जाऊ नये म्हणून. चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या लोणावळ्याच्या पट्ट्यात ते शहाणपणाचंच आहे. पण नत्र मातीत राहिलं तरी ते ओढून घेण्याची रोपाची कुवत कमी असेल, तर गोळी अर्धीच लढाई जिंकते.

तिसरी किंमत पेंढ्याची. तिची नोंद कोणत्याही शोधनिबंधात मी पाहिलेली नाही, पण मावळात गोठा असलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. उंच भाताचा पेंढा गुरांना वर्षभर पुरायचा, शाकारायला उरायचा. बुटक्या भाताने दाणा वाढवला तो काडीतून काढून. एका झाडात जेवढं अन्न तयार होतं त्यातलं अधिक लोंबीकडे गेलं, आणि गुरांसाठी पेंढा विकत आणायची वेळ आली. बुटकेपणाचा हिशेब नेहमी पोत्यांत मांडला जातो, पेंढ्याच्या भाऱ्यांत कुणी मांडत नाही.

आता जनुक संपादनाचे दिवस आले आहेत. ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यांतली 'कमला' ही हैदराबादच्या भात संशोधन संस्थेची, सांबा मसुरीवरून केलेली. तिच्यात सायटोकायनिन हे संप्रेरक मोडणाऱ्या विकराच्या जनुकात बदल आहे, म्हणून लोंबीत दाणे जास्त धरतात. दुसरी 'पुसा डीएसटी राइस-१', दिल्लीच्या संस्थेची. या जाहीर झाल्यावर उलटसुलट वाद झाले, पुढेही होतील. त्यात मी आज शिरत नाही. पण एक प्रश्न मावळात विचारला जाणारच: मूळ आंबेमोहराची फक्त उंची कमी करता येईल का, वास आणि मऊपणा जसाच्या तसा ठेवून? संकर केला की आयआर-८चं अर्धं बिऱ्हाड घरात येतं. संपादनात ते येत नाही.

माझं मत विचाराल तर, करायचंच असेल तर डेलाला हात लावू नये. तिथे पाइप तोडला तर काडीबरोबर बाकीचंही बरंच आखडेल, आणि चुकून शेवटाकडे कापलं तर लांबडं, वांझ भात हाती येईल. जिबरेलिन तयार करणाऱ्या जनुकालाच हात लावावा, आणि तोही पूर्ण मोडायला नको. या जनुकाची सौम्य रूपं जगात आधीपासून आहेत. जपानमधली जिक्कोकू आणि रेमेई, कॅलिफोर्नियात गॅमा किरणांनी तयार केलेली कॅलरोज-७६. यांत प्रत्येकी एकच अमिनो आम्ल बदललेलं आहे. विकर थोडं मंद चालतं, बंद पडत नाही. भात आयआर-८इतकं खुजं होत नाही, मधल्या उंचीचं राहतं. कोणतं अमिनो आम्ल बदलायचं यावरून किती उंची कमी होणार याचा अंदाज बांधता येतो. तेव्हा आधी इथल्या शेतकऱ्यांना विचारा की वाऱ्यात उभं राहण्यासाठी किती उंची सोडायला ते तयार आहेत आणि गोठ्यासाठी किती पेंढा हवा, आणि मग जागा निवडा.